एका जुन्या बंदुकीचा कालनिर्णय

जुना कागद हातीं आला म्हणजे तो कसा तपासावा याची रीत संशोधकांच्या अंगवळणीं पडलेली आहे. कागदाची जात, शाई, अक्षराचें वळण, मायना, शिक्का, मोर्तब व तारीख हीं सर्व एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं हें पाहिल्यावांचून कोणी त्यावर विसंबत नाहीं. जुन्या शस्त्रांसंबंधीं मात्र ही सावधगिरी क्वचित् दिसते. तलवारीवर एखादें अक्षर अथवा बंदुकीवर एखादें चिन्ह सांपडलें कीं त्यावरून सबंध वस्तूचा काल ठरविला जातो, आणि विकणारानें सांगितलेली दंतकथा तिला कायमची चिकटून बसते. अशाच एका बंदुकीची तपासणी करण्याचा प्रसंग आम्हांस नुकताच आला. ती बंदूक फार मोलाची आहे असें नाहीं; परंतु तिच्या तपासणींत जे प्रश्न उपस्थित झाले ते संग्राहकांपुढें वारंवार येणारे असल्यामुळें सर्व हकीकत क्रमानें देत आहों.

प्रस्तुत बंदूक एका संग्राहक गृहस्थांनीं पुण्याच्या जुन्या बाजारांत जुन्या लोखंडाच्या ढिगांतून निवडून विकत घेतली. विकणारानें ती ‘पानिपतावर गेलेल्या सरदाराची’ म्हणून सांगितली. पुढें एका जाणत्या गृहस्थांनीं कळीवरील चिन्ह पाहून ‘ही विलायती, कंपनी सरकारच्या शिपायाची बंदूक’ असा निर्णय दिला. तिसऱ्यानें असा सल्ला दिला कीं, कळ मागाहून बसविलेली दिसते, तरी ती काढून टाकावी व तेथें जुन्या पद्धतीचा तोड्याचा घोडा करवून घ्यावा. म्हणजे बंदूक ‘शुद्ध मराठी’ होईल व किंमतहि चढेल. हा सल्ला अमलांत आणण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं बंदूक आमच्याकडे पाठविली. तेव्हां बंदूक कोणत्या काळची एवढाच प्रश्न नव्हता. कळ ठेवावी कीं काढावी याचाहि निकाल देणें होतें, आणि एकदां काढलेली कळ पुन्हां पहिल्यासारखी बसत नाहीं.

१. पहिली परीक्षा : भरलेली कीं रिकामी

ठासणीच्या कोणत्याहि बंदुकीचा इतिहास पाहण्याआधीं तिच्या पोटांत दारू आहे कीं काय हें पाहावें. जुन्या बंदुका कित्येकदां भरलेल्याच स्थितींत भिंतीवर टांगलेल्या किंवा माळ्यावर टाकलेल्या सांपडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली असल्यास फार वर्षांनींहि पेट घेऊं शकते. परीक्षा सोपी आहे. एक सरळ लांकडी काठी नळीच्या तोंडांतून हळूच आंत सोडावी. ती जेथें अडेल तेथें नळीच्या तोंडाशीं तिजवर खूण करावी. आणि मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. काठीचें टोंक कानापर्यंत, म्हणजे ज्या छिद्रांतून विस्तव आंत शिरतो तेथपर्यंत, पोंचत असेल तर नळी रिकामी समजावी. तें चार बोटें अलीकडेच थांबलें तर आंत दारूगोळी, निदान कचरा, आहे असें धरून चालावें. हें करितांना नळीच्या तोंडासमोर स्वतः उभें राहूं नये व दुसऱ्यास उभें करूं नये. आंत कांहीं आहे असें दिसल्यास घरीं खटपट न करितां बंदूक विस्तवापासून दूर ठेवावी व परवाना असलेल्या बंदूकसाजाच्या स्वाधीन करावी. प्रस्तुत बंदुकींत काठी कानापर्यंत सरळ गेली.

२. बंदुकीचीं अंगें

पुढील विवेचन समजण्यासाठीं बंदुकीच्या अंगांचीं नांवें निश्चित करूं. लोखंडी नळी, तिला धरणारा लांकडी दस्ता, आणि बार पेटविणारी कळ हीं तीन मुख्य अंगें होत. नळीच्या मागल्या टोंकास बूड व पुढल्यास तोंड म्हणतात. बुडाशीं उजव्या बाजूस कान असतो व कानाच्या खालीं रंजकाची लहान वाटी. नळींत दारू व गोळी गजानें ठासून भरावयाची, वाटींत बारीक रंजक घालावयाची, ती पेटली म्हणजे कानांतून विस्तव आंत जाऊन बार उडतो.

रंजक पेटविण्याच्या रीतीवरून बंदुकीची जात ठरते. तोड्याच्या बंदुकींत घोड्याच्या चिमट्यांत जळती वात, म्हणजे तोडा अथवा जामगी, असते. चाप दाबला कीं घोडा वाटींत उतरतो. गारेच्या बंदुकींत घोड्याच्या तोंडांत गारेचा तुकडा धरलेला असतो. तो पोलादी झांकणावर आपटून ठिणग्या पाडतो व त्याच वेळीं झांकण उघडून ठिणग्या वाटींत पडतात. तिसरी जात केपाची. स्फोटक द्रव्यावर आघात करून बार पेटविण्याच्या कल्पनेचें पेटंट अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानें इ.स. १८०७ त घेतलें, व कंपनीच्या फौजेंत केपाच्या बंदुका इ.स. १८४० च्या सुमारास येऊं लागल्या.

या तीन अंगांचें आयुष्य सारखें नसतें हें मुख्य सूत्र आहे. दस्ता फुटतो, त्यास वाळवी लागते. कळीची कमान मोडते, घोडा तुटतो. पण जाड लोखंडाची चांगली नळी पिढ्यान् पिढ्या टिकते. नळी घडविण्यास श्रम व पैसा फार लागत असल्यामुळें ती टाकून देण्याचें कोणाच्या मनांत येत नसे. जुन्या नळीस नवा दस्ता व नवी कळ बसविण्याची वहिवाट सर्वत्र होती. पोथीच्या भाषेंत सांगावयाचें तर नळी ही मूळ संहिता, दस्ता हें बांधणीचें वेष्टन, व कळ ही दुसऱ्या हातची टीप. तिघांची तारीख एकच असेल असें आरंभींच गृहीत धरतां येत नाहीं.

३. नळीची साक्ष

प्रस्तुत बंदुकीची नळी ३ फूट १० १/२ इंच लांब असून तिचें पोट अर्ध्या इंचाहून किंचित् अधिक आहे. बूड चौकोनी, पुढें नळी गोल होत गेलेली, व तोंड कमळाच्या कळीसारखें थोडें फुगलेलें आहे. तांबूस गंजाखालून, तिरप्या उजेडांत धरली असतां, पिळाच्या रेषा दिसतात. लोखंडाची पट्टी कागदाच्या सुरळीप्रमाणें तिरपी गुंडाळीत, कडा एकमेकींवर चढवून व तापवून नळी घडविण्याची रीत अबुल फजलानें आईने अकबरींत वर्णिली आहे. नुसता पत्रा वांकवून कडा जोडलेल्या नळ्यांपेक्षां अशी नळी फुटण्याचें भय कमी. अशा घडणीनें अंगावर उमटणाऱ्या लहरींस शस्त्रांचे शोकी लोक जव्हार म्हणतात.

आतां ही नळी कंपनीच्या शिपायाची असूं शकेल काय? कंपनीच्या ज्या नमुन्याची बंदूक इंग्लंडच्या सरकारनें फ्रान्सशीं युद्ध जुंपल्यावर इ.स. १७९३ पासून आपल्या फौजेसाठीं घेण्यास आरंभ केला, व जीस पुढें ‘इंडिया पॅटर्न’ हें नांव पडलें, तिची नळी ३९ इंच, म्हणजे सव्वातीन फूट, लांब व पोट पाऊण इंच असे. त्यापूर्वींच्या इंग्रजी लष्करी बंदुकांच्या नळ्या ४६ व ४२ इंच असत, पण पोट तेंच. नुसती लांबी पाहणारा येथें फसेल, कारण ४६ इंचांशीं आमची नळी जवळजवळ जुळते. पोट मात्र जुळत नाहीं, व नळीची भिंत इंग्रजी नळीपेक्षां बरीच जाड आहे. लांब नळी, लहान पोट व जाड भिंत हें लक्षण हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीचें आहे.

दुसरें प्रमाण परीक्षेच्या ठशांचें. लंडनच्या बंदूककारांच्या संघास इ.स. १६३७ त सनद मिळाली. त्या संघानें दुप्पट बार भरून तपासलेल्या नळीवर मुकुटाखालीं ‘जी-पी’ व मुकुटाखालीं ‘व्ही’ असे दोन ठसे बुडाजवळ उमटवीत. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह इ.स. १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें व त्याचे ठसे निराळे. प्रस्तुत नळीच्या बुडावर यांपैकीं एकहि ठसा नाहीं, अथवा ठसा कानशीनें घासून काढल्याचा खळगाहि नाहीं.

तिसरें व निर्णायक प्रमाण वाटीचें. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकींत रंजकाची वाटी नळीसच घडवून जोडलेली असते. गारेच्या बंदुकींत ती कळीच्या पत्र्यास असते. आमच्या नळीच्या उजव्या अंगास कानाखालीं एक लांबट चौकोनी वण आहे. वाटी तोडून तेथें कानशीनें सपाट केल्याचें त्यावरून स्वच्छ दिसतें. कानहि मूळचा नाहीं. जुना झिजलेला कान पितळेनें बुजवून त्यांत नवें छिद्र पाडलें आहे. सारांश, ही नळी जन्मतः तोड्याच्या बंदुकीची असून पुढें तिला गारेची कळ लावण्यांत आली.

४. दस्त्याची साक्ष

दस्ता सरळ व सडपातळ असून त्याचा मागील भाग पांच पैलूंचा आहे. खांद्यास टेंकण्यासाठीं असतो तसा विलायती बंदुकीचा खालीं झुकलेला रुंद भाग येथें नाहीं. एवढ्यावरूनहि तो एतद्देशीय ठरतो. पण अधिक बोलकी खूण बुडाच्या मागें आहे. तेथें दस्त्याच्या माथ्यावर एक अरुंद खांच असून ती निराळ्या रंगाच्या लांकडाच्या पट्टीनें बुजविली आहे. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकींत घोडा दस्त्याच्या आंत, वाटीच्या मागें बसविलेला असतो व खांचेंतून वर येऊन पुढें वाटींत उतरतो. युरोपच्या जुन्या तोड्याच्या लष्करी बंदुकींत बहुधा तो वाटीच्या पुढें असून मागें, बंदूकवाल्याकडे, येतो. ही बुजविलेली खांच म्हणजे पहिल्या घोड्याची जागा होय. तेव्हां नळीप्रमाणें दस्ताहि तोड्याच्याच बंदुकीचा, आणि दोन्ही एकमेकांस नेमके बसत असल्यामुळें बहुधा एकमेकांसाठींच केलेले आहेत.

उजव्या बाजूस कळीसाठीं केलेला खळगा मात्र निराळ्या हाताचा आहे. मूळ सुतारानें दस्त्याचे पैलू जितके काळजीनें उतरविले तितकाच हा खळगा ओबडधोबड आहे. तो कळीच्या पत्र्याहून मोठा खोदला गेला, आणि राहिलेली फट लाखेनें भरली. डाव्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर एक जुनें, कांठ झिजलेलें भोंक व दोन नवीं भोंकें आहेत. नव्या भोंकांतून कळीचे मळसूत्री खिळे येतात. जुनें भोंक आतां निरुपयोगी आहे.

५. कळीची साक्ष

कळ गारेची असून तिच्या पत्र्यावर मागल्या दोन पायांवर उभा राहिलेला व पुढल्या पंजांत मुकुट धरलेला सिंह कोरला आहे. हें ईस्ट इंडिया कंपनीचें चिन्ह. कंपनीचें याहून जुनें चिन्ह हृदयाकृति असून तिचे चार भाग पाडून त्यांत व्ही, ई, आय, सी हीं रोमन अक्षरें घातलेलीं असत व माथ्यावर इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखी खूण असे. जुन्या रोमन लिपींत ‘यू’ बद्दल ‘व्ही’ लिहीत. तेव्हां अर्थ ‘युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी’, म्हणजे इ.स. १७०८-०९ त दोन इंग्रजी कंपन्या एक होऊन झालेली कंपनी. नाणीं जमविणारांस हें चिन्ह परिचित आहे. मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या पैशांवर एका बाजूस तराजू व दुसऱ्या बाजूस हेंच चिन्ह आढळतें. बंदुकांवर हृदयचिन्ह सुमारे इ.स. १८०८ पर्यंत चाललें व नंतर सिंह आला. म्हणून सिंहाची कळ त्याच्या आधींची असूं शकत नाहीं.

घोड्याचा आकारहि याच काळाशीं जुळतो. पूर्वींच्या इंग्रजी लष्करी बंदुकांचा घोडा हंसाच्या मानेसारखा बांकदार असे व तो मानेंत मोडे. इंग्रज सरकारनें इ.स. १८०९ त मध्यें कडें असलेला, अधिक बळकट घोडा सुरू केला. आमच्या कळीचा घोडा कड्याचा आहे. परंतु घोडा हा सुटा भाग असून तो मोडल्यावर बदलीत. म्हणून एकट्या घोड्यावरून तारीख ठरवूं नये. पत्र्यावरील चिन्ह त्याहून बळकट पुरावा.

मग हें चिन्ह तरी खरें कशावरून? हा प्रश्न अवश्य विचारला पाहिजे. कंपनीच्या कळीची कीर्ति इतकी होती कीं, वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनीं तिच्या हुबेहूब नकला केल्या, व अशा नकला अफगाणी जेझाईल बंदुकांवर विपुल सांपडतात. नकल करणारास रोमन अक्षरें वाचतां येत नसल्यामुळें कांहीं अक्षरें उलटीं पडतात, सिंहाचें मांजर होतें, किंवा चिन्ह व साल यांचा मेळ बसत नाहीं. सिंहाच्या कळीवर १७९० सालच्या आसपासचा आंकडा असेल तर ती कळ कंपनीची नव्हे. तशीच ‘टॉवर’ या शब्दाची गोष्ट. लंडनच्या टॉवरमधील सरकारी शस्त्रागाराचें हें नांव मागाहून व्यापारी कारखानदार आपल्या मालावर सर्रास घालीत. नुसत्या त्या शब्दावरून बंदूक सरकारी ठरत नाहीं.

प्रस्तुत कळ आम्हीं एका अनुभवी बंदूकसाजाकडून उघडवून पाहिली. सिंहाच्या रेषा निश्चयी व एकसारख्या खोलीच्या आहेत. आंतील भाग घोटीव असून मळसूत्रांचे आंटे सारखे आहेत. कळ अस्सल कंपनीची आहे याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

६. चिन्ह खरें, तरी अर्थ निराळा

येथें संग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट आहे. चिन्ह अस्सल असणें व त्यावरून काढलेलें अनुमान खरें असणें या दोन भिन्न गोष्टी होत. याचीं प्रसिद्ध उदाहरणें सांगतों.

बिकानेरच्या शस्त्रागारांतील शस्त्रांवर टिंबाटिंबांनीं काढलेले नागरी लेख आहेत. त्यांतील कित्येकांवर महाराजा अनूपसिंहाचें नांव, संवत् १७४६, म्हणजे इ.स. १६८९, व आदवानीचें नांव आढळतें. हें साल शस्त्र घडविल्याचें नसून तें आदवानी येथें हस्तगत झाल्याचें आहे. शस्त्र स्वतः त्याहून पन्नास वर्षें जुनें असूं शकेल. पोथीवर मालकानें घातलेल्या सालास लेखनकाल समजण्यासारखीच ही चूक होय.

दुसरें उदाहरण टिपू सुलतानाचें. इ.स. १७९२ त हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा ज्या श्रीरंगपट्टणापुढें उभ्या राहिल्या, तेथें टिपूच्या कारखान्यांत उत्तम बंदुका होत असत. इ.स. १७९९ त पट्टण पडल्यावर तेथील शस्त्रें चोहोंकडे पसरलीं. त्यांवर वाघाचे पट्टे, वाघाचें मस्तक वगैरे खुणा असतात व साल टिपूनें चालविलेल्या मौलूदी गणनेचें असतें. त्या सालाचे आंकडे उजवीकडून डावीकडे लिहीत. १२२४ हें साल नेहमींच्या रीतीनें वाचणारास ४२२१ असें निरर्थक दिसेल. आणि क्रम ओळखूनहि तें हिजरी समजल्यास इ.स. १८०९ येऊन, टिपूच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं त्याची बंदूक झाली असें ठरेल!

तिसरी घोटाळ्याची जागा डच कंपनीच्या चिन्हाची. मोठ्या ‘व्ही’ च्या दोन बाहूंवर ‘ओ’ व ‘सी’ अशी ती मुद्रा असते. ती कंपनी इ.स. १६०२ त स्थापन होऊन १७९९ अखेर संपली. ‘व्ही’ पाहतांच इंग्रज कंपनीचें नांव घेणें हें म्हणूनच धोक्याचें.

कारागीर स्वतःच सर्व तपशील लिहून ठेवीत असतां तर ही पंचाईत नसती. अकबराच्या कारखान्यांत लोखंडाचें वजन, तें कोठून आणिलें तें ठिकाण, कारागिराचें नांव, घडणीची जागा, तारीख व अनुक्रमांक हीं सर्व बंदुकीवर कोरीत असें आईने अकबरी सांगते. पण ती बादशाही शिस्त. वाड्यावाड्यांतून असलेल्या सामान्य बंदुकांवर फार तर सिलेखान्याचा एखादा आंकडा सांपडतो. प्रस्तुत नळीच्या बुडावर असाच टिंबांनीं काढलेला एक नागरी आंकडा आहे. त्यावरून ती कोठल्या तरी मोजदाद होणाऱ्या संग्रहांत होती एवढें सिद्ध होतें. मालकाचें नांव किंवा साल त्यावरून निघत नाहीं.

७. निर्णय

आतां तिन्ही साक्षी एकत्र करूं. नळी व दस्ता तोड्याच्या हिंदुस्थानी बंदुकीचे, एका वेळचे. कळ कंपनीची, सुमारे इ.स. १८०८ नंतरची. ती बसविणारा हात तिसरा, व त्याचें काम कळीच्या काळानंतरचें हें उघडच आहे.

‘कंपनीच्या शिपायाची बंदूक’ हें मत त्यामुळें टिकत नाहीं. कंपनीचें तिच्यांत कळीपलीकडे कांहींच नाहीं. ‘पानिपतची बंदूक’ या कथेचा निकाल थोडा अधिक जपून दिला पाहिजे. केवळ कळ १७६१ च्या नंतरची म्हणून कथा खोटी, असा युक्तिवाद चुकीचा होईल. कारण नळी कळीहून जुनी आहे हें आम्हींच वर दाखविलें आहे. परंतु या घडणीच्या नळ्या सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत होत राहिल्या, म्हणून नळीवरून १७६१ हें साल निघत नाहीं. असा संबंध सिद्ध करावयाचा तर घराण्याच्या दप्तरांतील झडती, जाबता किंवा वांटणीपत्र पाहिजे, व त्यांत या बंदुकीचें वर्णन अथवा बुडावरील आंकडा जुळला पाहिजे. लोखंडानें जें सांगितलें नाहीं तें त्याच्या तोंडीं घालूं नये.

मग जुन्या तोड्याच्या बंदुकीस विलायती कळ लावण्याचें कारण काय? तोड्याची बंदूक निरुपयोगी झाली होती असें मानण्याचें कारण नाहीं. महादजी शिंद्यांच्या पदरीं डी बॉयननें ज्या कवायती पलटणी उभारल्या त्यांच्याजवळ गारेच्या बंदुका होत्या, व आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका तयार होत. तरी त्याच फौजेंतील नजीब पलटणींजवळ तोड्याच्याच बंदुका होत्या. लांब नळीच्या तोड्याच्या बंदुकीचा नेम दूरवर लागे. तिची अडचण तोड्याची होती. वात सतत जळत ठेवावी लागे, रात्रीं ती दुरून दिसे व दारूजवळ विस्तव वागविण्याचें भय असे. गारेच्या कळीनें ही अडचण जाई. पण कळीची पोलादी कमान घडविणें हें गांवच्या लोहाराचें काम नव्हे. म्हणून तयार कळ मिळाली कीं ती जुन्या, भरंवशाच्या नळीस लावण्यांत शहाणपण होतें. कंपनीच्या फौजेंत केपाच्या बंदुका आल्यावर तर गारेच्या जुन्या कळा निकालांतच निघाल्या. आमच्या बंदुकीचें हें रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, फार तर त्याच्या मध्यास झालें असावें.

या दृष्टीनें पाहतां, जी कळ काढून टाकण्याचा सल्ला देण्यांत आला तीच या बंदुकीवरील एकमेव कालदर्शक खूण आहे. ती काढून आज घडविलेला घोडा बसविला असता तर नळीच्या बाजूचा वण, बुजविलेली खांच व लाखेची फट यांचा अर्थ लावण्याचें साधन नाहींसें झालें असतें, आणि बाजारांत आणखी एक बनावट ‘पेशवाई’ बंदूक वाढली असती. पोथींतील जुनी समासटीप खरवडून कोणी ती शुद्ध करीत नाहीं. त्याच न्यायानें कळ आहे तशी ठेवावी असा अभिप्राय आम्हीं दिला व गृहस्थांनीं तो मान्य केला. बंदुकीजवळ लावण्यासाठीं पुढील टिपण सुचविलें: ‘तोड्याची हिंदुस्थानी बंदूक, नळी व दस्ता मूळचे, इ.स. १८०८ नंतरची ईस्ट इंडिया कंपनीची गारेची कळ स्थानिक कारागिरानें मागाहून बसविलेली. बुडावर सिलेखान्याचा आंकडा.’

८. संग्राहकांस विनंती

इ.स. १८५७ नंतरची निःशस्त्रीकरणाची मोहीम, इ.स. १८७८ चा हत्यारांचा कायदा, आणि १९४८-४९ च्या सुमारास संस्थानें विलीन झाल्यावर झालेली शस्त्रागारांची पांगापांग यांमुळें शस्त्रें आपल्या मूळ जागेपासून व कागदांपासून तुटलीं. म्हणून वस्तूच्या अंगावर उरलेली प्रत्येक खूण जपली पाहिजे. घरोघर तांब्यापितळेच्या भांड्यांस चिंच व राख लावण्याची संवय असल्यानें शस्त्रहि तसेंच घासून लखलखीत करण्याचा मोह होतो. त्यानें टिंबांचे लेख, परीक्षेचे ठसे व जव्हार हीं तिन्ही एकदम जातात. काचकागद व आम्ल हीं त्याहून घातक. मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ काढावी, हलकें तेल पुसटसें लावावें, व अक्षरांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ताम्रपटाप्रमाणें ठसा घ्यावा.

कायद्याकडेहि दुर्लक्ष करूं नये. इ.स. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत जुन्या घडणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रास जी सूट आहे, ती दुरुस्तीनें अथवा दुरुस्तीशिवाय वापरतां न येणाऱ्या शस्त्रापुरतीच आहे. म्हणून आपली बंदूक त्यांत बसते कीं नाहीं हें पोलीस अधिकाऱ्यांकडून लेखी ठरवून घ्यावें. इ.स. १९७२ च्या पुराणवस्तु अधिनियमाप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु, व पाऊणशें वर्षांहून जुनें महत्त्वाचें हस्तलिखित, खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं अशा बंदुका असतील त्यांनीं पुढील तपशील लिहून ठेवावा: नळीची लांबी व पोट, बुडाचा आकार, वाटी नळीस आहे कीं कळीस, कान मूळचा कीं बुजविलेला, दस्त्यावर घोड्याची खांच आहे काय, कळीवरील चिन्ह व अक्षरें, जशींच्या तशीं, उलटीं असल्यास उलटीं, टिंबांचे लेख, आणि वस्तु कोणाकडून, कोठें व कोणत्या दिवशीं मिळाली. विकणाराची कथाहि लिहावी, पण ती निराळ्या रकान्यांत. घराण्याचीं दप्तरें चाळतांना सिलेखान्याच्या झडत्या आढळल्यास त्यांतील बंदुकांचे आंकडे अवश्य उतरून घ्यावे. त्यांतील एखादा आंकडा कोणाच्या तरी भिंतीवरील नळीच्या बुडाशीं जुळण्याचा संभव आहे.